माहेरच्या वाड्याची सही

मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या चौघीजणी घाटंजीतला एक जुना वाडा बघून आलो. वाडा विकायला काढलाय. घ्यायची ऐपत आमची नाही, पण आमच्यातल्या एकीचं ते माहेर. कवेलू उतरवून टिना टाकल्यात, ओसरीला टाईल्स. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींना रंग दिलाय. सागाचे खांब तेवढे जुनेच, पॉलिश मारलेले. दुरुस्तीला भावानं पैसा लावला. आता गिऱ्हाईक आलंय, म्हणून त्याचा फोन: "ताई, हक्कसोडावर सही करायला ये."

सही लागते, म्हणजे तिथं तिचं काहीतरी आहे. हे 'काहीतरी' मिळायला फार वर्षं गेली.

मुंबईच्या डॉ. गोपाळराव देशमुखांनी मांडलेला कायदा 1937 साली झाला. त्यानं विधवेला नवऱ्याचा वाटा दिला, पण हयातीपुरता. मुलीला काहीच नाही. मुलीलाही द्यावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल रेटलं. ते अडवलं गेलं, आणि 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडलं.

मग 1956 चा वारसा कायदा आला. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या हिश्शात मुलीला मुलाइतकाच वाटा. पण वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगा जन्मतःच हिस्सेदार, मुलगी नाही. आणि राहत्या घराला तर कलम 23 चं कुलूपच होतं. भाऊ आपण होऊन वाटण्या करत नाहीत, तोवर बहिणीनं घराची वाटणी मागायची नाही. राहायचा हक्क होता, तो लग्न न झालेलीला, नवऱ्यानं टाकलेलीला, विभक्त झालेलीला नाहीतर विधवेला. नांदत्या लेकीला नाही. म्हणजे संसार मोडला तरच माहेरचं दार उघडं! हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो.

1994 साली महाराष्ट्रानं मुलींना जन्मानं हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. आमच्या मैत्रिणीचं लग्न 1991 चं. तीन वर्षांनी हुकली बिचारी. शेवटी 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर कायदा बदलला. लग्न झालेलं असो-नसो, मुलगी मुलासारखीच, आणि कलम 23 गेलं. त्या दिवशी वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हक्क जात नाही, हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मात्र मोडत नाही.

कोलाम, गोंड बहिणींनो, अनुसूचित जमातींना हा कायदा लागू नाही, मुस्लिम बहिणींचा कायदाही वेगळा. तुम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा. बाईमाणसाला तिथं सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

भावानं दुरुस्तीचा खर्च केला, तो हिशेबात धरावाच. पण खर्च केला म्हणून घर एकट्याचं होत नाही. आम्ही मैत्रिणीला सही कर म्हटलं नाही, करू नको असंही नाही. ती म्हणाली, "केली तर लुगडं मिळते, नाही केली तर राखी बंद." आम्हाला तरी कुठं उत्तर सुचत होतं? मग आधी आखीव पत्रिका काढली. वडिलांच्या नावाखाली आईचं, भावाचं, आणि तिसरं तिचं. माहेरचं नाव, आडनावासकट. तिनं ते बोट ठेवून दोनदा वाचलं.

सही अजून झालेली नाही. भाऊ दिवाळीला येणार आहे.