भोंगा ठेवायचा की काढायचा?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण घडलं ते आधी सांगते, म्हणजे पुण्याची मंडळी पुन्हा फोनवर फोन करणार नाहीत.

गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास आमचा भोंगा वाजला. २००३ साली आमच्या ह्यांनी हौसेने बसवून घेतलेला. पुढच्या-मागच्या दारांना मिळून चार चुंबकं, माजघरात हालचाल टिपणारा एक डोळा, आणि पडवीच्या आढ्याला भोंगा. मी बिछान्यावर उठून बसले, दिवा न लावता. चोर नव्हता, त्या डोळ्याच्या काचेवर पाल बसली होती. पण ते मला कळलं पाऊण तासाने. तोपर्यंत भोंगा पंधरा मिनिटं बोंबलून आपोआप थांबला होता, आणि कुणीही आलं नव्हतं.

सकाळी मासळीवाली म्हणाली, "बाई, राती काय वाजत होतं? मला वाटलं गणपतीपुळ्याच्या रस्त्याला अ‍ॅम्ब्युलन्स चाललीय."

मुलगा म्हणतो, "आई, ते जुनं भंगार काढ, कॅमेरे लावू." मला पटेना. का पटेना हे शोधता शोधता थोडं वाचन झालं. शिकवायची सवय जात नाही, तेव्हा ते तुमच्याही गळ्यात मारते.

विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट १८५३ साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थांनी घेतलं. आणि हे गृहस्थ होते चक्क धर्मोपदेशक! दार किंवा खिडकी उघडली की तारेतला प्रवाह जुळायचा आणि घंटा वाजायची. पुढे युक्ती उलटी झाली. प्रवाह सतत चालू ठेवायचा आणि तो तुटला की घंटा, म्हणजे चोराने तार कापली तरी बोंब होणारच. आमच्या दारावरची चुंबकं याच तत्त्वावर चालतात. काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या, चुंबक जवळ असेतो एकमेकींना चिकटलेल्या, दार उघडलं की सुटतात.

पोपसाहेबांचे हक्क १८५७ मध्ये एडविन होम्सने विकत घेतले. खरा व्यापारी हाच. घंटा घरात वाजून उपयोग काय, ऐकणारा हवा, हे त्याने ओळखलं. त्याने घराघरांतून तारा आणून एका कचेरीत जोडल्या. तिथे रात्रभर माणूस बसलेला. १८७७ मध्ये बॉस्टनला याच तारांवरून दिवसा टेलिफोन जोडून दिले जात आणि रात्री त्याच तारा चोरांवर पहारा करत. मला हे फारच आवडलं.

आपल्याकडे मात्र सुरुवात कुलपापासून झाली. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपं बनवायला घेतली असं सांगतात. ते आधी वकील होते. वकिलीत त्यांचं मन रमलं नाही हे आपलं भाग्य.

पण त्याच्याही आधी? देशावर गावोगावी रामोशी आणि जागले असत. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पावलं शेजारच्या गावाच्या शिवेपाशी पोचली की पुढचा माग काढण्याची जबाबदारी त्या गावाची. तिथेच माग हरवला तर भरपाईसुद्धा त्यांच्या गळ्यात पडे. म्हणजे एका घरातल्या चोरीची झोपमोड दोन गावांना! इंग्रज आले, रामोश्यांची किल्ल्यांवरची राखण आणि वतनं गेली, आणि ज्यांनी राखायचं तेच बंड करून उठले. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली. शाळेत हा धडा शिकवताना मी 'बंड' या शब्दावर जोर देत असे. आता वाटतं, 'राखण' या शब्दावर द्यायला हवा होता.

कोकणात तर आपण सगळंच राखणदारावर सोपवून मोकळे. पण तेवढ्याने भागत नाही हे दिवेआगरला दिसलं. १९९७ मध्ये आगरात पेटी सापडली आणि सुवर्णगणेश आला. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार मारून तो नेला आणि सोनं वितळवलं. २०२१ मध्ये मुखवटा पुन्हा बसवला, पण ती दोन माणसं काही परत आली नाहीत. त्या बातमीनंतर ह्यांनी आमच्या भोंग्याची बॅटरी मुदतीआधीच बदलून घेतली होती. माझ्या पाटल्या तेव्हाही तांदळाच्या डब्यातच होत्या! (आता नाहीत. कुणी तसदी घेऊ नये.)

तर आमचा भोंगा. २००५ च्या सुमारास असाच एकदा वटवाघळामुळे वाजला, तेव्हा पाच मिनिटांत अंगणात नऊ माणसं. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या कोयता. चहा करता करता माझी दमछाक झाली. होम्सची कचेरी म्हणजे आमची ही वाडी होती. आज डावीकडचं घर गणपतीत उघडतं, उजवीकडचं मे महिन्यात, आणि समोरच्यांच्या दाराला कुलूप लागून चार वर्षं झाली. किल्ल्या सगळ्यांच्या माझ्याकडे! भोंगा बिघडलेला नाही हो. केशवसुतांच्या गावात तुतारीला दाद द्यायला माणसंच उरली नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल मुलाला मी सरळ विचारलं, "चोराला बघणार की मला?" तो हसला, मग गप्प बसला. मग म्हणाला, "दोघांना." खरं बोलला. मला त्याचा राग आला नाही, पण माजघरात कॅमेरा नको म्हटलं ते म्हटलं.

रत्नागिरीहून आलेल्या मुलाने सगळं उघडून पाहिलं. डब्यातल्या तारांची टोकं खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडलीत, सुटे भाग मिळत नाहीत. भोंग्याबरोबर चार नंबर फिरवणारं यंत्र होतं, ते लँडलाइनला जोडलेलं, आणि लँडलाइन मी केव्हाच काढून टाकली. म्हणजे कित्येक वर्षं ते मुक्याने नंबर फिरवत होतं. ह्यांच्या हस्ताक्षरातला चार नंबरांचा कागद झाकणाच्या आत तसाच चिकटलेला. त्यांतले तिघे आता नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. डबा नवा, सिमकार्डवाला. दारांची चुंबकं चांगली आहेत, तीच ठेवायची. भोंगाही तोच. कॅमेरा एकच, बाहेर, फाटकाकडे तोंड करून. माजघरातला डोळा बंद. पालींना मोकळीक.

नव्या डब्यातही नंबर भरायचे आहेत. पहिला मुलाचा, दुसरा पोलिसांचा, तिसरा वरच्या वाडीतल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. चौथ्यासाठी मासळीवालीला विचारलं. ती म्हणाली, "घाला की बाई. मी तीनला उठतेच. पण दोनला वाजला तर हाक जरा मोठ्यान मारा, माझा फोन उशाखाली असतो."

बेस्तरवारी माणूस येणार आहे.