रापलेली कांति

उन्हानें पालटलेल्या वर्णाला मराठींत 'रापणें' असा एक शब्द आहे. 'काळवंडणें' या शब्दांत किंचित् नापसंती आहे, 'करपणें' यांत इजा आहे. पण 'रापलेला' म्हटलें कीं वर्षानुवर्षें शेतांत राबलेला माणूसच डोळ्यांपुढें उभा राहतो. बीड जिल्ह्यांत या शब्दाचा अर्थ कोणास समजावून द्यावा लागत नाहीं. बालाघाटच्या रांगांवर आणि पायथ्याशीं पसरलेला, पर्जन्यछायेंत सांपडलेला हा मुलूख सुमारें १९ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें येथें सूर्य वर्षांतून दोनदां, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, अगदीं माथ्यावर येतो. जुलैंत निदान ढगांचा आडोसा असतो. मे महिन्यांत बहुधा तोहि नसतो. केवळ ऊन अंगावर घेण्यासाठीं कोणी पैसे खर्चून दूरदेशीं जावें, ही गोष्ट आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्यास थट्टेचीच वाटावी. परंतु गेल्या शंभर वर्षांत जगाच्या एका मोठ्या भागानें नेमकें हेंच केलें आहे.

युरोपांत पूर्वीं अशी रीत नव्हती. तेथील कुलीन स्त्री छत्री, हातमोजे आणि रुंद कांठाची टोपी यांवांचून उन्हांत पडत नसे. गोरी कांति हें विश्रांतीचें चिन्ह आणि रापलेली कांति मजुरीचें. पुढें गिरण्या आल्या, मजूर शेतांतून धुरकट शहरांत गेला, आणि कष्टकऱ्याचाच चेहरा फिकट पडला. अंधाऱ्या गल्ल्यांतील मुलांचीं हाडें मुडदुसानें वांकूं लागलीं. थिओबाल्ड पाम या डॉक्टरांनीं १८९० सालीं निरनिराळ्या देशांची माहिती जुळवून दाखविलें कीं, जेथें ऊन विपुल तेथें मुडदूस क्वचित्. १९०३ सालीं त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें; आणि १९१९ सालीं बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं अतिनील किरणांच्या दिव्याखालीं बसवून मुडदूस झालेलीं मुलें बरीं केलीं.

या सर्वांत स्वित्झर्लंडचे ऑग्युस्त रोलिए यांची पद्धत विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९०३ पासून आल्प्स पर्वतांतील लेझां या गांवीं ते हाडांच्या क्षयाच्या रोग्यांस सूर्यस्नान देत. पहिल्या दिवशीं केवळ पावलें उघडीं, तींहि पांचच मिनिटें. मग दिवसांगणिक थोडथोडें वर सरकावयाचें, आणि डोकें मात्र झांकलेलें. औषधाचा थेंब मोजावा तसें तें ऊन मोजलेलें होतें. १९२० नंतर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर श्रीमंतांनीं तेंच ऊन उचललें, पण माप वैद्याच्याच घरीं ठेवलें. रापलेली कांति आतां सवडीचें आणि प्रवासाचें चिन्ह झाली, आणि समुद्रकांठीं अंगाला लावावयाचीं तेलें बाजारांत येऊं लागलीं. १९३८ सालीं औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांचें सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें निघालें. तेथील वाचकांस सूर्याचें नांव त्या काळीं किती प्रिय झालें होतें, हें यावरूनहि कळतें; मात्र औंधकरांचा भर व्यायामावर होता, वर्ण पालटण्यावर नव्हे.

त्वचा रापते ती कां? अतिनील किरणांचा मारा पेशींवर होतो, तेव्हां मेलॅनिन हें काळसर द्रव्य वाढवून त्वचा स्वतःवर छत्र धरते. म्हणजे रंग चढला तेव्हां इजा होऊन गेलेली असते. पूर्णपणें निर्धोक असें रापणें नाहीं. सांवळ्या त्वचेंत हें छत्र जन्मतःच दाट असतें, म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानानें पुष्कळच कमी. पण वांग येतें, सुरकुत्या लवकर पडतात, आणि डोळ्यांतील मोतीबिंदूस ऊन हातभार लावतें; सांवळेपणा तेथें उपयोगी पडत नाहीं.

बीडच्या शेतकऱ्यानें यावर केलेला बंदोबस्त प्रयोगशाळेंतला नव्हता, पण पक्का होता. अनेक हातांचा पटका डोकें, कान आणि शेमल्यानें मानहि झांकी. बाईच्या कपाळावर पदर असे. जाड आणि घट्ट विणीचें कापड हें किरणांस अडविणारें उत्तम साधन आहे, आणि विरळ विणीचें पांढरें सुती कापड घामानें भिजलें कीं त्याचा आडोसा बराच कमी होतो, हें पुढें मोजमापानेंहि सिद्ध झालें. पण सर्वांत मोठें संरक्षण कापडाचें नव्हे, वेळेचें होतें. पहांटे औत जुंपावें, ऊन चढलें कीं लिंबाखालीं भाकरी सोडून थोडें पडावें, आणि कलतीला पुन्हां कामास लागावें. स्वतःच्या शेताच्या मालकास हें साधे.

हें वेळापत्रक मोडलें तें ऊंसानें. १९५० नंतर पश्चिम महाराष्ट्रांत सहकारी साखर कारखाने उभे राहूं लागले, आणि कोरडवाहू बीडमधून माणसें ऊंसतोडीस निघालीं. १९७२ च्या दुष्काळानें तो ओघ फार वाढविला. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'कोयता' म्हणतात. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन कोयता घर सोडतो, आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळच्या कोपींत राहतो. मजुरी टनावर, खाडा झाला तर दंड. अशा माणसास दुपारची सावली परवडत नाहीं. आणि हंगाम संपत येतो तेव्हांच ऊन वाढूं लागलेलें असतें. त्वचेच्या रक्षणाचा विचार करणारे मलमांविषयीं पुष्कळ बोलतात, पण दुपारचे दोन तास कोणाच्या मालकीचे आहेत, हें क्वचितच विचारतात.

शहरी घरांतील अडचण उलटी आहे. खोलींत दिवस काढणाऱ्यांस भर उन्हाच्या देशांत ड जीवनसत्त्व कमी पडतें. अगदीं कोवळ्या उन्हानें तें फारसें मिळत नाहीं, कारण तिरप्या किरणांतला उपयुक्त भाग वातावरणांत गळून जातो. यासाठीं सावली हें चांगलें घड्याळ आहे. ती आपल्या उंचीहून आंखूड झाली, कीं जीवनसत्त्व बनूं लागतें आणि कातडीहि भाजूं लागते. त्या वेळीं हातपाय थोडी मिनिटें उघडे ठेवून मग आडोसा घ्यावा. कोकणच्या वा गोव्याच्या किनाऱ्यावर रंग आणावयास जाणाऱ्यांनीं तर रोलिएंचीं पांच मिनिटें विसरूं नयेत. मलम लावलें तरी तें घामानें, पाण्यानें निघून जातें. दर दोन तासांनीं पुन्हां लावावें लागतें.

पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जाणाऱ्या मुली हल्लीं डोळे तेवढे उघडे ठेवून चेहरा ओढणीनें गुंडाळतात आणि वर लांब बाह्यांचा सुती कोट चढवितात. ऊंसाच्या फडांतील बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालते. पानांची धार आणि ऊन, दोहोंपासून तोच वांचवितो. बाह्या मनगटापर्यंत ओढून, गुंड्या लावून ती तांबडें फुटण्यापूर्वींच फडाकडे निघालेली असते.