राइट-इनची जागा

हॉकी म्हणजे ध्यानचंद, एवढेच आपण शाळेत पाठ केले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचा इतिहास वाचताना मात्र माझे लक्ष त्यांच्या शेजारच्या जागेकडे जाते.

तेव्हा 11 जणांत 5 फॉरवर्ड असत. दोन टोकांचे ‘आउट’ कडेने चेंडू पुढे नेत. दोन ‘इन’ मागे येऊन हाफकडून चेंडू घेत आणि सेंटर फॉरवर्डला पुरवत. सामना सुरू झाल्यावर बदली खेळाडू घेता येत नसे.

17 जुलैला सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला 4-1 असे हरवले. कप्तान ध्यानचंद होते, लेफ्ट-इनला त्यांचे बंधू रूपसिंग होते. उणीव राइट-इनची होती. मायदेशी तार गेली आणि दारा विमानाने बर्लिनला आले. साखळीतले तिन्ही सामने भारताने त्यांच्याविनाच जिंकले होते, एकही गोल न खाता. पण खरी कसोटी पुढे होती. दारा आल्यावर उपांत्य सामन्यात फ्रान्सवर 10-0 असा विजय मिळाला. 15 ऑगस्टला अंतिम सामन्यात शहाबुद्दीन, दारा, ध्यानचंद, रूपसिंग, जाफर ही फळी उतरली. मध्यंतराला 1-0, शेवटी 8-1. समोर तीच जर्मनी!

हेच दारा 1948 च्या ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानचे कप्तान होते. आपल्याकडे त्यांचे नाव मागे पडले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचचे गुणवंत शाळेच्या फलकावर आहेतच. त्यांना वह्या देणारे, गणित समजावणारे राइट-इन कोण होते, तेही या स्मरणिकेत नावानिशी लिहूया.