भैरवगढमध्ये स्वस्त मोबाइल सेवा : निवड कशी करावी?

भैरवगढ परिसरातील सभासद कुटुंबांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत. मध्य प्रदेश-छत्तीसगड मंडळात जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांच्यातून निवड करता येते.

कव्हरेज : कंपन्यांचे कव्हरेज नकाशे त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. तरी जाड भिंतींआड सिग्नल कमी होतो. म्हणून शेजाऱ्यांच्या फोनवरून आपल्या आतल्या खोलीत बोलून पाहावे. काळभैरवाच्या दर्शनाला गर्दी असेल त्या दिवशी इंटरनेटही तपासावे.

खर्च : २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात १३ वेळा करावा लागतो. त्यामुळे किमतीला दिवसांनी भागून तुलना करावी. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. आजी-आजोबांना फक्त बोलायचे असेल, तर केवळ कॉल व एसएमएसचा पॅक मागावा. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानुसार असा पॅक ठेवणे कंपन्यांना भाग आहे.

सेवा : तक्रार १९८ वर नोंदवून डॉकेट क्रमांक लिहून ठेवावा. समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

कंपनी बदलताना : ९० दिवस झालेले असल्यास नंबर तोच ठेवता येतो. इंग्रजीत ‘पोर्ट’, मग जागा सोडून आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करावा. आलेला कोड चार दिवस चालतो. पेन्शन, बँक आणि आधार याच नंबरला जोडलेले असतात. म्हणून नवे सिम सुरू होईपर्यंत जुने काढू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.