फळातली अळी : एका झुंजीची हकीगत



डाळिंब फोडावे आणि आत दाण्यांऐवजी अळी अन् तिची घाण निघावी, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. अशा वेळी आपण काय करतो? तडक दुकान गाठतो आणि म्हणतो, "अळीचं औषध द्या." अळी कोणती, ती फळात शिरली कधी, हे ना दुकानदार विचारत, ना आपण सांगत. आज मी तुम्हाला परमुलखातल्या एका किडीची हकीगत सांगणार आहे. तिकडच्या बागाईतदारांनी हीच घाई जवळजवळ शंभर वर्षे केली आणि ती त्यांना फार महाग पडली.

ही कीड म्हणजे सफरचंदाचा पतंग. इंग्रजीत त्याला कॉडलिंग मॉथ म्हणतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. हा मूळचा युरोप-आशियाकडचा. सफरचंद जिथे गेले तिथे हा मागोमाग गेला. अठराव्या शतकात तो अमेरिकेत पोहोचला, पुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकाही त्याने गाठली. आपल्या देशात लडाखच्या बागांत त्याने बस्तान मांडले आहे.

आता त्याची ओळख करून घेऊ. पतंग लहानसा, सेंटिमीटरभर लांबीचा, राखाडी रंगाचा. पंखाच्या टोकाशी तांब्यासारखा चमकणारा तपकिरी डाग, ही त्याची खूण. मादी पानांवर आणि फळांवर एकेक चपटे अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी बहुधा एका दिवसाच्या आत फळात शिरते, गाभ्यापर्यंत पोखरत जाते आणि बिया खाते. भोकाशी भुशासारखी विष्ठा दिसली की समजावे, चोर घरात आहे. पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडते, खोडाच्या सुटलेल्या सालीखाली कोष विणते आणि तिथेच हिवाळा काढते.

पाहा, एवढ्या माहितीतच तिला गाठायच्या दोन जागा आपल्याला सापडल्या. एक सालीखालची आणि दुसरी फळात शिरण्यापूर्वीच्या त्या थोड्या वेळातली. मधल्या काळात ती फळाच्या आत सुखरूप असते.

एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या बागाईतदारांना पहिली जागा ठाऊक होती. ते सुटलेली साल खरवडून काढीत आणि खोडाला गवताचा वेठ किंवा गोणपाटाची पट्टी बांधीत. लपायला आलेल्या अळ्या तिथे जमत. दर आठ-दहा दिवसांनी पट्टी सोडून त्या मारायच्या. काम कष्टाचे, पण बिनविषारी होते.

मग १८७८ च्या सुमारास अमेरिकेत पॅरिस ग्रीन नावाचे हिरवे विष सफरचंदावर फवारले जाऊ लागले. त्यात तांबे आणि सोमल असे. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात दुसऱ्याच एका पतंगावर उपाय शोधताना शिसे आणि सोमल यांचे मिश्रण तयार झाले. ते पानाला चिकटून राही आणि पाने करपवीत नसे. बागाईतदार खूश झाले. पट्ट्या बांधण्याचे कष्ट कोण करतो आता?

पण झाले काय, की अळीही शिकली. अळी काही शाळेत गेली नाही, बरं का! विषाने ज्या मेल्या त्या मेल्या, ज्या तगल्या त्यांचीच प्रजा वाढली. १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की कोलोरॅडोतल्या अळ्या व्हर्जिनियातल्या अळ्यांपेक्षा सोमलाला कितीतरी अधिक दाद देईनाशा झाल्या आहेत. लोकांनी फवारे वाढवले. १९२५-२६ च्या सुमारास ब्रिटनने अमेरिकन सफरचंदांवरच्या सोमलाबद्दल तक्रार केली आणि फळे सौम्य आम्लाने धुऊन विकण्याची पाळी आली. ते शिसे आणि तो सोमल जुन्या बागांच्या मातीत आजही सापडतो. आजोबांनी फवारलेले नातवाच्या जमिनीत उरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला होता आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली काही वर्षे झाडे स्वच्छ राहिली. पण डीडीटीने कोळी-किडीला खाणारे मित्रकीटकही मारले आणि पाने कोळी-किडीने भरून गेली. १९५० नंतरच्या दशकात पतंगाची अळीही डीडीटीला पुरून उरू लागली. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीचा शेतीतला वापर बंद केला.

वाट सापडली ती पतंगाचे वागणे पाहिल्यावर. मादी गंध सोडते आणि नर त्या गंधाने येतो. १९५९ मध्ये जर्मनीचे बुटेनांट यांनी रेशीमपतंगाच्या मादीचा गंध ओळखला. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंग लागले! १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वेंडेल रोलोफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सफरचंदाच्या पतंगाचा गंध ओळखला. आता सापळ्यातले नर मोजून फवारणीचा दिवस ठरवता येतो. बागभर हाच गंध पसरवला, तर नराला मादीच सापडत नाही. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी आपण जे कामगंध सापळे लावतो, ते याच ज्ञानाचे फळ.

आता आपल्या दारी येऊ. आपल्या संत्र्या-मोसंबीवर रस शोषणारा पतंग येतो. इथे सारे उलटे आहे. फळाचे नुकसान अळी करीत नाही, पतंग करतो. तो रात्री येऊन पिकत आलेल्या फळाला सोंडेने भोक पाडतो, मग फळ सडते आणि गळते. त्याची अळी वाढते ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर. मग झाडावर अळीचे औषध मारून काय साधणार? बागेलगतच्या या वेली काढाव्यात, गळालेली फळे रोज वेचून पुरावीत, संध्याकाळी धूर करावा. फळे थोडी असली तर त्यांना पिशव्या बांधाव्यात.

गुरुजी, एक काम तुमच्याकडे. किडके फळ वर्गात आणा, बरणीत ठेवा, तोंडाला फडके बांधा आणि आतून काय बाहेर पडते ते मुलांना रोज पाहू द्या. तारखा फळ्यावर मांडा. ज्या मुलाला अळीची तारीख कळली, तो मोठेपणी दुकानात नुसते "अळीचं औषध द्या" म्हणणार नाही. तो आधी विचारील, "कोणती अळी?"