चार्ज सांभाळणारा माणूस : कोमला ग्बेडेमा

घानाचं नाव निघालं की आपल्याला आठवतात ते एन्क्रुमा. नेहरू, नासेर, टिटो यांच्या पंगतीतले. कोमला अग्बेली ग्बेडेमा हे नाव मात्र सहसा कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर एक ग्लास संत्र्याच्या रसासाठी.

तो किस्सा आधीच सांगून टाकतो. ऑक्टोबर १९५७. घाना स्वतंत्र होऊन जेमतेम सात महिने झालेले. अर्थमंत्री ग्बेडेमा अमेरिकेत, डेलावेअर राज्यातल्या डोव्हरजवळ, रस्त्याकडेच्या एका हॉटेलात शिरले आणि रस मागवला. काळ्या माणसांना इथे बसून पिता येणार नाही, असं उत्तर मिळालं. पैसे टाकून, रस तसाच सोडून ते बाहेर पडले. तुमचे उपाध्यक्ष निक्सन घानात माझ्या घरी जेवू शकतात, मग मला इथे ही वागणूक का, असं त्यांनी उघड विचारलं. लिटल रॉकच्या शाळेवरून अमेरिकेची आधीच जगभर छीथू चालली होती. शेवटी खुद्द आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावलं!

किस्सा झकास आहे. पण माझ्यासारख्या कारकुनाला त्यांचं खरं मोठेपण दिसतं ते त्याच्या सहा वर्षं आधी.

ग्बेडेमा जन्माने नायजेरियातल्या वारीचे (१९१३), जमातीने एवे, पेशाने काही काळ शिक्षक. पुढे एन्क्रुमांच्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीत आले. १९५० मध्ये इंग्रजांनी एन्क्रुमांना तुरुंगात टाकलं. ग्बेडेमा स्वतः वर्तमानपत्रातल्या मजकुरापायी सजा भोगून नुकतेच सुटले होते. त्यांनी पक्ष हाती घेतला, गावोगाव सभा घेतल्या आणि तुरुंगातल्या नेत्याला अक्रातून उमेदवार म्हणून उभं केलं. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत एन्क्रुमांना २३,१२२ पैकी २२,७८० मतं पडली. गव्हर्नर आर्डेन-क्लार्क यांना त्यांना सोडणं भागच पडलं.

आमच्या कचेरीत साहेब लांब रजेवर गेले की चार्ज घेणारा पहिल्याच आठवड्यात टेबल खिडकीकडे सरकवून घेतो. परतलेल्या साहेबांना जुनी खुर्ची जशीच्या तशी मिळाल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. ग्बेडेमांच्या हाती तर आख्खा पक्ष होता. तो त्यांनी जसाच्या तसा परत केला. स्वतः आधी आरोग्य आणि मजूर खातं सांभाळलं, आणि १९५४ पासून अर्थखातं. व्होल्टा नदीवरच्या अकोसोंबो धरणाच्या पैशांसाठी परदेशी उंबरठे झिजवणाऱ्यांत तेही होते.

१९५८ मध्ये घानात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. खटला न चालवता पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची सोय. तेव्हा अर्थमंत्री कोण? ग्बेडेमाच. हे विसरून चालणार नाही. १९६१ च्या मे महिन्यात त्यांच्याकडून अर्थखातं काढून आरोग्य दिलं गेलं आणि सप्टेंबरात राजीनामा मागण्यात आला. पुढच्याच महिन्यात, राजकीय गुन्ह्यांसाठी खास न्यायालयं नेमण्याच्या विधेयकाविरुद्ध ते संसदेत उभे राहून बोलले. जुने विरोधी पुढारी डांक्वा तेव्हा गजाआड होते. आपली पाळी येण्याआधी ग्बेडेमांनी देश सोडला. ज्या माणसाला त्यांनी तुरुंगातून थेट सत्तेपर्यंत आणलं होतं, त्याच्याच तुरुंगाच्या भीतीने!

१९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांना हटवलं आणि ग्बेडेमा परतले. १९६९ च्या निवडणुकीत त्यांचा नवा पक्ष उतरला. १४० पैकी २९ जागा मिळाल्या. बुसियांच्या पक्षाला १०५. केटामधून ग्बेडेमा स्वतः निवडून आले. पण जुन्या मंत्र्यांच्या मालमत्तेची चौकशी करणाऱ्या आयोगाचा प्रतिकूल शेरा त्यांच्या नावावर होता, आणि नव्या घटनेत अशांना अपात्र ठरवणारं कलम होतं. प्रकरण कोर्टात गेलं. निकाल विरुद्ध लागला आणि विरोधी पक्षाच्या या नेत्याची खासदारकी गेली.

जुलै १९९८ मध्ये ते वारले. पंच्याऐंशी वर्षांचे होते.