युद्ध चालू असताना मातामृत्यू कमी कसे झाले? नेपाळचं उदाहरण

आज दोन आकड्यांपासून सुरुवात करू. नेपाळच्या १९९६ च्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५३९ मातामृत्यू दिसले. २००६ च्या सर्वेक्षणात तोच आकडा २८१ वर आला. आता मधला काळ बघा. फेब्रुवारी १९९६ मध्ये माओवाद्यांनी सशस्त्र लढा सुरू केला आणि शांतता करार झाला नोव्हेंबर २००६ मध्ये. हजारो माणसं मारली गेली, कित्येक घरं उठून गेली. मग याच दहा वर्षांत बाळंतिणींचे मृत्यू जवळपास निम्मे कसे झाले?

कारण शोधण्याआधी मोजपट्टी तपासायची, ही सवय आत्ताच लावून घ्या. इथे बायकांना त्यांच्या सख्ख्या बहिणींबद्दल विचारतात: किती बहिणी, किती हयात, गेली असेल तर गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेली का? यातून निघणारा अंदाज सर्वेक्षणाआधीच्या सुमारे सात वर्षांचा असतो. म्हणजे ५३९ हा युद्धापूर्वीचा आकडा, आणि २८१ बहुतांशी युद्धकाळातला. त्यांचे विश्वासार्हता अंतराल ३९२ ते ६८६ आणि १७८ ते ३८४. दोन्ही जेमतेम एकमेकांना भिडत नाहीत. घट खरी आहे असं मानायला जागा आहे, पण ‘बरोबर निम्मी झाली’ असं ठासून सांगता येत नाही.

आता कारणं. दवाखाने वाढले म्हणावं, तर २००६ मध्येही डॉक्टर, नर्स किंवा प्रशिक्षित दाई हजर असलेली बाळंतपणं फक्त १९ टक्के होती. एका बाईला होणाऱ्या मुलांची सरासरी ४.६ वरून ३.१ वर आली. पण आपलं गुणोत्तर जन्मांमागे मोजलेलं आहे, त्यामुळे नुसते जन्म घटले म्हणून ते आपोआप खाली येत नाही. जोखमीची, पाचवी-सहावी बाळंतपणं कमी झाली तर मात्र येऊ शकतं. २००२ मध्ये गर्भपात कायदेशीर झाला, त्याचाही थोडा वाटा असेल.

आणखी एक धागा गावातच सापडतो. १९८८ पासून नेपाळमध्ये महिला सामुदायिक आरोग्य स्वयंसेविका आहेत. पगार नाही, निवड गावातल्या आमा समूहाने केलेली. बाहेरून आलेला कर्मचारी बदली मागू शकतो, नाहीतर जीव वाचवायला निघून जाऊ शकतो. हिचं घर, शेत, सासर सगळं तिथेच. ही मांडणी पटणारी आहे, पण तिला पुरावा म्हणू नका.

पुराव्याच्या जवळ जाणारं काम झालं मकवानपूर जिल्ह्यात. धर्म मानंधर आणि सहकाऱ्यांनी २४ गावगटांपैकी चिठ्ठी पद्धतीने १२ मध्ये एक स्थानिक बाई नेमली. ती आरोग्य कर्मचारी नव्हती. तिचं काम एवढंच, की दर महिन्याला बायकांच्या बैठका घ्यायच्या, बाळंतपणातल्या अडचणी बोलत्या करायच्या आणि उपाय त्यांनाच ठरवू द्यायचे. दवाखान्यांना मदत दोन्ही बाजूंना दिली होती. मोजणी नोव्हेंबर २००१ पासून सुरू झाली, आणि त्याच महिन्यात देशात आणीबाणी लागली!

निकाल २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. बैठकांच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे २६.२ नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांत ३६.९. मातामृत्यू २ विरुद्ध ११. हा दुसरा आकडा वाचून हुरळून जाऊ नका; अभ्यासाची आखणी नवजात मृत्यूंसाठी होती आणि १३ घटना फारच थोड्या आहेत.

आपल्याकडचा दुवाही आहे. नक्षलवादाची झळ सोसणाऱ्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. तिथली नवजात मृत्युदरातली मोठी घट १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच छापून आली. दोन्हीकडे मदत करणारी बाई मुळात गावचीच होती.

याचा अर्थ युद्धाने बायकांचं काही बिघडवलं नाही, असा कुणी काढेल. तो चुकीचा ठरेल. राष्ट्रीय सरासरीत काठमांडू आणि रोल्पा एकाच भांड्यात ढवळले जातात. सक्तीने भरती झालेली मुलगी, विस्थापित बाई, नवरा बेपत्ता झालेली बाई या आकड्यात दिसतच नाहीत. शिवाय युद्ध झालंच नसतं तर हा दर किती खाली आला असता, हा प्रश्न उरतोच.

तुमच्या प्रस्तावात संघर्षग्रस्त भाग असेल तर तीन गोष्टी आधीच लिहून ठेवा: आकडा नेमक्या कोणत्या वर्षांचा, सर्वेक्षक कोणत्या गावांत पोहोचू शकले नाहीत, आणि रस्ता बंद झाल्यावरही गावात कोण होतं. मार्गदर्शकांनी विचारलं नाही तरी तिसऱ्याचं उत्तर शोधाच. मदत कुणाच्या हाती द्यायची, हे त्यावरून ठरतं.